दान, देणगी की वर्गणी?

आपण शेवटचे कुठे पैसे दिले, तेव्हा पावतीवर आपले नाव नीट लिहिले आहे ना, हे पाहिले होते का? मी पाहते. वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी असल्याने ती सवयच आहे. पण गेल्या वर्षी एका छोट्या वाचनालयासाठी निधी गोळा करताना या साध्या सवयीने मला बरेच अस्वस्थ केले. देताना नाव हवेसे वाटणे चुकीचे आहे का? आणि आपण ‘निःस्वार्थ’ असल्याचे समाधान, तेही एक प्रकारचे नावच नाही का? आपणही कधी ना कधी एखाद्या सेवाकार्यासाठी पैसे दिले असतील किंवा मागितले असतील. म्हणून हा अनुभव आपल्यापुढे ठेवते.

एक शब्द अडला

आम्ही बडोद्यात राहतो. आमच्या वसाहतीत 220 घरे आहेत, काही गुजराती, काही मराठी, काही हिंदी भाषिक. तळमजल्यावरची एक खोली वर्षानुवर्षे मोडक्या खुर्च्या आणि गणेशोत्सवाच्या मांडवाचे सामान ठेवायला वापरली जात होती. तिथे सर्वांसाठी खुले वाचनालय करायचे ठरले. वसाहतीबाहेरच्या मुलांनाही प्रवेश, घरकाम करणाऱ्या, रिक्षा चालवणाऱ्या कुटुंबांनाही प्रवेश. आवाहनाचे पत्रक गुजरातीत तयार झाले आणि त्याचा मराठी अनुवाद माझ्याकडे आला.

काम तासाभराचे होते. पण ‘फाळो’ या शब्दावर मी अडले. गुजरातीत फाळो म्हणजे सामायिक कामात आपण घातलेला वाटा. मराठीत काय लिहावे? ‘दान’ लिहिले तर घेणारा खाली आणि देणारा वर, असे चित्र मनात उभे राहते. ‘देणगी’ म्हटले की मोठी रक्कम, धनादेश आणि सत्कार डोळ्यांपुढे येतो. मग ‘वर्गणी’ आठवली. गणपतीची वर्गणी आपण सगळेच देतो. वर्गणी देणाऱ्याला कुणी दानशूर म्हणत नाही आणि आरतीला उभे राहताना कुणी उपकाराखाली दबूनही जात नाही. गणपती सगळ्यांचा असतो, म्हणून वर्गणी सगळ्यांची असते.

मी ‘वर्गणी’ लिहिले. एका शब्दाच्या निवडीने पुढे किती प्रश्न उभे राहणार आहेत, याची तेव्हा कल्पना नव्हती.

खर्च दोन प्रकारचा

आमच्या अभ्यासक्रमात पहिल्याच वर्षी भांडवली खर्च आणि महसुली खर्च यांतला फरक शिकवतात. कपाट एकदा घेतले की अनेक वर्षे टिकते, तो भांडवली खर्च. विजेचे बिल दर महिन्याला येते, तो महसुली. आम्ही अंदाजपत्रक मांडले तेव्हा कपाटे, टेबल-खुर्च्या, रंगकाम आणि सुरुवातीची पुस्तके मिळून 3,00,000 रुपये लागणार होते. दरमहा ग्रंथपाल ताईंचे मानधन 7,000, वीज 1,500, वृत्तपत्रे व मासिके 1,000, नवी पुस्तके आणि जुन्यांची बांधणी 1,500, असे 11,000 रुपये. म्हणजे प्रत्येक घराने महिन्याला 50 रुपये दिले तर बरोबर 11,000 होतात.

निधी मागायला निघाल्यावर मात्र एक गोष्ट लगेच लक्षात आली. कपाटासाठी पैसे देणारे भेटतात, मानधनासाठी भेटत नाहीत. कपाटावर नाव घालता येते. संध्याकाळी साडेसात वाजता दिवा लावून बसलेल्या ताईंच्या पगारावर नाव कोरता येत नाही.

डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. ग्रंथ वापरण्यासाठी असतात, हा त्यांतला पहिला नियम. आणि ग्रंथालय ही वाढत जाणारी, सजीव संस्था आहे, हा शेवटचा. जे सजीव आहे त्याला रोज अन्न लागते. बारशाला मोठा खर्च करून नंतर बाळाच्या दुधाची व्यवस्था विसरावी, तशी अनेक वाचनालयांची गत होते. उद्घाटनाचा फोटो भिंतीवर असतो आणि दाराला कुलूप असते.

तीन लाख आणि एक अट

याच सुमारास एका सद्गृहस्थांचा निरोप आला. संपूर्ण 3,00,000 रुपये ते एकटे देणार होते. अट अशी, की वाचनालयाला त्यांच्या दिवंगत आईचे नाव द्यायचे, दारावर संगमरवरी पाटी लावायची आणि दुसऱ्या कुणाचे नाव कुठेही येऊ द्यायचे नाही.

समितीची बैठक बसली. मी सर्वांत लहान, पण सर्वांत जास्त मीच बोलले. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. परतफेडीची अपेक्षा न ठेवता, कर्तव्य म्हणून, योग्य स्थळी, योग्य वेळी आणि योग्य व्यक्तीला दिलेले दान सात्त्विक. फळाची इच्छा धरून किंवा जड मनाने दिलेले ते राजस. मी म्हणाले, “पाटीची अट घातली की तो व्यवहार झाला. मग त्याला दान कसं म्हणायचं?”

आमचे खजिनदार काका शांतपणे म्हणाले, “बेटा, मुलांच्या हातात पुस्तक येणं महत्त्वाचं, की दारावर कुणाचं नाव आहे ते?”

या प्रश्नाला सोपे उत्तर नाही. देणगीदारांच्या नावाने उभ्या राहिलेल्या कितीतरी शाळा आणि रुग्णालये आजही उत्तम सेवा देत आहेत. ज्या मुलाला गोष्टीचे पुस्तक हवे आहे, त्याला पाटी वाचायला वेळ नसतो.

तरीही मला एक गोष्ट खटकत होती, आणि ती समजायला आमच्याच शहराच्या इतिहासाने मदत केली. महाराजा सयाजीराव गायकवाड यांचा जन्म नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे या खेड्यातला. दत्तक येऊन गादीवर बसण्यापूर्वी त्यांना शिक्षणाचा लाभ झाला नव्हता. त्याच राजाने 1906 मध्ये संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. 1910 मध्ये त्यांनी अमेरिकेहून ग्रंथालयतज्ज्ञ विल्यम बॉर्डन यांना बोलावले आणि मध्यवर्ती ग्रंथालयापासून खेड्यांतल्या फिरत्या पेट्यांपर्यंत सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे उभे राहू लागले.

गावातल्या ग्रंथालयाच्या खर्चाची रीत विशेष होती. तीन समान वाटे केले जात. गावकऱ्यांनी आपला वाटा जमवला, की तेवढीच रक्कम प्रांत पंचायत देई आणि तेवढीच सरकार. राजाच्या तिजोरीला एका खेड्यातल्या वाचनालयाचा पूर्ण खर्च जड नव्हता. मग गावाकडे वाटा का मागितला? मला वाटते, ज्या गोष्टीत आपली कमाई थोडीतरी गेलेली असते, तिला आपण आपली म्हणतो. राजाने सगळेच दिले असते, तर गावात राजाचे वाचनालय झाले असते.

आमच्या 220 घरांचेही तेच झाले असते. एक जण दाता, उरलेले 219 लाभार्थी. मग दरमहा 50 रुपये द्यायला कोण पुढे येणार? लोक म्हणाले असते, “ज्यांचं नाव आहे ते बघतील.”

मावशींचे वीस रुपये

माझे म्हणणे मला अगदी बिनचूक वाटत होते. मग एका रविवारी आम्ही वर्गणी मागत फिरत असताना, वसाहतीत स्वयंपाकाची कामे करणाऱ्या एका मावशींनी आम्हाला जिन्यात थांबवले. कमरेच्या पिशवीतून 20 रुपये काढून माझ्या हातात ठेवले. मी संकोचून म्हणाले, “मावशी, तुम्ही कशाला? तुमच्या मुलीला असंच येता येईल.”

त्यांचा चेहरा उतरला. “असंच कशाला? लिही. आणि यादी लावाल तेव्हा माझं नाव येईल ना?”

त्यांच्या डोळ्यांत अहंकार नव्हता. त्यांना वर जायचे नव्हते, आत यायचे होते. नाव दोन प्रकारे लिहिले जाते, हे मला त्या जिन्यात कळले. एक नाव म्हणते, ‘हे माझे आहे.’ दुसरे म्हणते, ‘यात मीही आहे.’ मी दोन्ही नावांना एकाच तराजूत घालत होते. त्याहून वाईट म्हणजे, ‘तुम्ही कशाला’ असे म्हणून मी स्वतःच दाता झाले होते आणि त्यांना याचक केले होते. पत्रकात मी ‘वर्गणी’ लिहिले होते, पण मनात ‘दान’च होते.

आणखी एक गोष्ट त्या रात्री स्वतःशी कबूल करावी लागली. बैठकीत गीतेचा आधार दिल्यावर सगळे माझ्याकडे कौतुकाने पाहत होते, ते मला आवडले होते. संगमरवराची पाटी मी नाकारत होते, पण ‘किती तत्त्वनिष्ठ मुलगी’ ही पाटी मला हवी होती.

भेट

त्यानंतर खजिनदार काका आणि मी त्या सद्गृहस्थांना भेटायला गेलो. या वेळी मी कमी बोलले. त्यांनी सांगितले, की त्यांच्या आईला अक्षरओळख नव्हती. गावाहून पत्र आले की ती त्यांना शाळेतून येईपर्यंत पदराला बांधून ठेवायची आणि मग तीन-तीनदा वाचून घ्यायची. तिच्या नावाची पाटी का हवी होती, ते तेव्हा समजले. मी त्यांच्या दानाला ‘राजस’ म्हणून मोकळी झाले होते. त्या पत्राची गोष्ट मला ठाऊकच नव्हती.

काकांनी त्यांच्यापुढे वेगळा प्रस्ताव ठेवला. आईच्या स्मरणार्थ एका वर्षाचे ग्रंथपालाचे मानधन द्यावे. दारावर पाटी नाही, पण सर्वांच्या यादीत आईचे नाव राहील. आठ दिवसांनी त्यांचा 84,000 रुपयांचा धनादेश आला. उरलेली रक्कम त्यांनी गावाकडच्या एका धर्मशाळेला दिली. तिथे पाटी लागली. त्यात काही वावगे झाले, असे मला आता वाटत नाही.

तत्त्वाची किंमत

इथे लेख संपवला असता तर तो गोड झाला असता. पण हिशेब पूर्ण मांडला पाहिजे.

आम्ही 2,16,000 रुपये गमावले. घरोघरी फिरून भांडवली खर्चासाठी 1,30,000 जमले. पाच कपाटांऐवजी दोन आली. उघडायला पाच महिने उशीर झाला. मे महिन्यात चौथीतला एक मुलगा रोज खिडकीतून डोकावून विचारायचा, “दीदी, केव्हा उघडणार?” त्याची पूर्ण सुट्टी निघून गेली. त्याने आमच्या बैठकीत मत दिले नव्हते. माझ्या तत्त्वाची किंमत त्याने मोजली.

आपल्यापैकी जे सेवाकार्यात आहेत, त्यांना हा प्रश्न कधीतरी भेटतोच. आपण साधनशुचितेचा आग्रह धरतो आणि त्याची झळ बसते ती गरजूला. मग आग्रह सोडून द्यावा का? मला तसे वाटत नाही. पण ज्याने आग्रह धरला, त्याने त्या किमतीतला मोठा वाटा स्वतः उचलावा, एवढे तरी न्यायाचे आहे. संत गाडगेबाबांनी लोकांकडून पैसा घेऊन धर्मशाळा उभारल्या, पण स्वतः त्यांत मालक म्हणून राहिले नाहीत. अंगावर चिंध्या आणि हातात गाडगे, एवढाच त्यांचा संसार. मागण्याचा अधिकार त्यांनी असा कमावला होता.

माझी तेवढी योग्यता नाही. मी आठवड्यातून दोन संध्याकाळी वाचनालयात बसते, हिशेब लिहिते आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी वर्गणी गोळा करते. त्या मुलाची सुट्टी त्याने परत येत नाही, हे मला माहीत आहे. काकांना अजूनही वाटते, की आपण तीन लाख घ्यायला हवे होते. आम्ही दोघे एकाच टेबलावर बसून पावत्या फाडतो.

आपल्यासाठी तीन प्रश्न

पुढच्या वेळी आपण काही द्याल तेव्हा स्वतःला विचारून पाहा: मी जे दिसते ते देत आहे, की जे लागते ते? मागायला जाल तेव्हा विचारा: ज्याच्याकडे थोडेच आहे, त्याला देण्याच्या आनंदापासून मी दूर तर ठेवत नाही ना? आणि एखादी देणगी नाकाराल तेव्हा विचारा: या नकाराची किंमत कोण मोजणार आहे, आणि त्यातला माझा वाटा किती? उत्तरे लगेच मिळतीलच असे नाही. पाच मिनिटे शांत बसून प्रश्नांसोबत राहिलो, तरी हात थोडा मोकळा होतो.

आज 140 घरे दरमहा 50 रुपये देतात. पहिल्या वर्षी मानधनाची सोय झाल्याने 36,000 शिल्लक पडतील. दुसऱ्या वर्षी तेही वापरले तरी 12,000 कमी पडतात. आणखी 20 घरे जोडली गेली, की हिशेब बरोबर जुळतो. येत्या रविवारी आम्ही त्या 20 दारांवर जाणार आहोत. मावशी म्हणाल्या आहेत, की त्याही सोबत येतील.