स्वभाव, ग्रंथी आणि आपली जबाबदारी

॥ श्री गुरवे नमः ॥



मागच्या गुरुवारी सत्संगानंतर चहा घेताना एका काकूंनी विचारलं, "मला राग येतो तो माझा, का माझ्या थायरॉईडचा?" सगळे हसले. काकू मात्र हसल्या नाहीत. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. घरी आल्यावरही तो प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून या वेळचं चिंतन त्याच्यावरच.

आधी आमच्याच घरातली गोष्ट सांगतो. इंदूरला आमचं एकत्र कुटुंब. त्यात आमच्या धाकट्या वहिनी. काही वर्षांपूर्वी त्यांचं वागणं हळूहळू बदललं. सकाळी उठवेना. पारायणाला बसल्या की अर्ध्या अध्यायात डोळा लागायचा. मे महिना, घरात कूलर चालू, आणि यांना अंगावर शाल हवी. वजन वाढलं, केस गळायला लागले, गॅसवर दूध ठेवून विसरायच्या. रविवारी घरभर सगळ्यांना पोहे करून घालणारी बाई "आज बाहेरूनच आणा ना" म्हणायला लागली.

आणि आम्ही काय म्हटलं? एक जण म्हणाला, आळस चढलाय. दुसरा म्हणाला, सेवेत मन राहिलं नाही. तिसरा म्हणाला (हे लिहिताना लाज वाटते), नामात गोडी नसली की असंच होतं. वहिनींनी ते सगळं खरं मानलं. दोन माळांच्या चार केल्या, आणि जपात झोप आली की स्वतःलाच बोल लावायच्या. वर्षभर असं चाललं. शेवटी पुतणी म्हणाली, "काकू, एकदा रक्त तर तपासून घेऊ." टीएसएच साधारण चार-पाचच्या आत असावा लागतो. वहिनींचा ऐंशीच्या वर निघाला. डॉक्टरांनी रोजची एक छोटी गोळी लिहून दिली. चार-पाच महिन्यांनी वहिनी पहाटे स्वतःहून काकड आरतीला तयार होऊन उभ्या होत्या.

म्हणजे वर्षभर आम्ही एका आजाराला दोष म्हणत होतो, आणि तोही भक्तीतला दोष.

हे होतं कसं, ते थोडं समजून घेऊ. थायरॉईड ही गळ्यात, स्वरयंत्राच्या जरा खाली, फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी. वजन जेमतेम वीस ग्रॅमच्या आसपास. पण शरीरातली चूल मंद ठेवायची का मोठी, हे तिच्या हातात. तिचा स्राव कमी पडला की थंडी वाजते, झोप येते, मन मंदावतं, बद्धकोष्ठ होतो. जास्त झाला की उलट: छाती धडधडते, हात कापतात, वजन उतरतं, झोप उडते आणि चिडचिड वाढते. काकूंचा प्रश्न म्हणूनच हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

थायरॉईडवर लक्ष ठेवते पिट्युटरी. ती मेंदूच्या तळाशी, वाटाण्याएवढी. थायरॉईडचं काम कमी पडलं की पिट्युटरी तिला जास्त हाका मारते. त्या हाका म्हणजे टीएसएच. म्हणून रिपोर्टात टीएसएच वाढलेला दिसला, तर बहुतेक वेळा थायरॉईड कमी काम करत असते. आता विचार करा, आम्ही घरात दुसरं काय केलं? वहिनींचं काम कमी झालं, तशा आमच्या हाका वाढल्या. पण जी थकली आहे, ती हाका मारून थोडीच उठणार?

अशा ग्रंथी शरीरात बऱ्याच आहेत. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल, पोटात स्वादुपिंड, स्त्रियांत बीजकोश, पुरुषांत वृषण. यांचे स्राव थेट रक्तात मिसळतात आणि लांबच्या अवयवाला निरोप पोचवतात. अर्नेस्ट स्टार्लिंग नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०५ साली लंडनच्या व्याख्यानांत या निरोप्यांसाठी 'हॉर्मोन' हा शब्द वापरला. तो ज्या ग्रीक शब्दावरून आला त्याचा अर्थ चालना देणं. आपल्या मराठीत त्याला संप्रेरक म्हणतात. प्रेरणा आणि संप्रेरक, धातू एकच.

आता खरा प्रश्न. प्रेरणा जर रक्तातून येत असेल, तर राग, आळस, भीती, माया हे सगळं रसायनच झालं का? मग साधना कशाला करायची? आणि चुकीचा जाब तरी कोणाला विचारायचा?

आम्हाला यावर एक साधं उदाहरण सुचतं. रात्री दोनला फोन वाजतो आणि पलीकडून वाईट बातमी कळते. क्षणात छाती धडधडते, घाम फुटतो, तोंडाला कोरड पडते. हे ॲड्रिनॅलिनचं काम. पण त्या फोनमधून आपल्या रक्तात काही शिरलं का? आले ते नुसते शब्द. त्यांचा अर्थ आपल्याला कळला, आणि मग ग्रंथी हलली. तोच फोन आपल्याला न समजणाऱ्या भाषेत आला असता, तर "राँग नंबर" म्हणून आपण कूस बदलून झोपलो असतो. म्हणजे ग्रंथी मनाला हलवते, तसं मनही ग्रंथीला हलवतं. रस्ता दुहेरी आहे. सगळं रसायनच आहे म्हणणारा अर्धं सांगतो. सगळं मनाचेच खेळ आहेत म्हणणाराही अर्धंच सांगतो, आणि त्या दुसऱ्या अर्ध्यापायी आमच्या वहिनींनी एक वर्ष सोसलं.

दुसरी गोष्ट. लाट येणं आणि लाटेबरोबर वाहत जाणं, यांत अंतर आहे. अंगात रागाची लाट उठली, हे नेहमी आपल्या हातात नसतं. पण सुनेच्या माहेराचा उद्धार करायचा की उठून ग्लासभर पाणी प्यायचं, एवढी जागा बहुतेक वेळा उरते. आजारात ती जागा फार अरुंद होते, कधी उरतही नाही, हे मान्य करायला हवं. नामस्मरण, प्राणायाम, मौन यांचं काम ती जागा रुंद करायचं आहे. आणि आजार असेल तर औषधाचंही काम तेच. म्हणून आम्हाला माळ आणि गोळी एकमेकींच्या सवती वाटत नाहीत.

मग न्याय कसा करायचा? आपण सगळे एक गंमत करतो. स्वतः ओरडलो की म्हणतो, "बीपी वाढलं होतं, झोप झाली नव्हती." दुसरा ओरडला की म्हणतो, "त्याचा स्वभावच तसा." स्वतःला शरीराची सवलत आणि दुसऱ्याला स्वभावाची शिक्षा! खरं तर हे उलटं हवं. दुसऱ्याबद्दल मत बनवण्याआधी त्याच्या शरीराची चौकशी करावी. स्वतःच्या बाबतीत आधी चूक कबूल करावी, क्षमा मागावी, आणि मग कारण शोधावं.

पण हा नियमही सगळ्यांना सारखा लागू होत नाही. आमच्या वहिनींसारखी काही माणसं आधीच सगळा दोष स्वतःकडे घेऊन बसलेली असतात. त्यांना आणखी "आत्मपरीक्षण करा" सांगणं म्हणजे जखमेवर मीठ. त्यांच्यासाठी जबाबदारीचा अर्थ वेगळा आहे: लॅबमध्ये जाणं, आणि दिलेली गोळी रोज घेणं. तेवढं केलं की त्यांचं कर्तव्य झालं. बाकीचं घरातल्यांनी उचलायचं.

आता मधुमेहाकडे या. आपलं इंदूर म्हणजे सकाळी पोहे-जिलेबी आणि रात्री सराफा. इथे कोणाला शुगर निघाली की पहिलं वाक्य ठरलेलं, "गोड खाऊन ओढवून घेतली." इन्सुलिन हे स्वादुपिंडाचं संप्रेरक, रक्तातली साखर पेशींपर्यंत पोचवणारं. पण त्याची गोष्ट जिलेबीपाशी सुरू होत नाही, हे पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामातून दिसलं.

२००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. उंचीच्या मानाने वजन मोजायचा जो निर्देशांक असतो, तो दोघांचाही २२.३. दोघेही सडपातळ. पण शरीरातली चरबी मोजली, तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! बारीक दिसणारा भारतीय आतून बारीक असेलच असं नाही.

याचं मूळ शोधायला त्यांचा गट १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत काम करत होता. तिथल्या बायका गरोदरपणाआधी सरासरी जेमतेम ४२ किलोच्या. त्यांची बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. पुण्याच्या बाळांचे स्नायू कमी, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून. शहरातल्या बाळांच्या नाळेचं रक्त तपासलं, तेव्हा लंडनच्या गोऱ्या बाळांपेक्षा त्यात इन्सुलिन जास्त आढळलं. ज्या आयांच्या जेवणात पालेभाज्या, फळं, दूध जास्त वेळा होतं, त्यांची बाळं जन्मताना मोठी होती. शेतात-घरात जास्त राबणाऱ्या आयांची बाळं लहान होती.

आपण ज्याला प्रारब्ध म्हणतो, त्याचा एक भाग इथे डोळ्यांना दिसतो. तो आईच्या ताटात वाढला जातो, किंवा वाढायचा राहून जातो. जी सून सगळ्यांना वाढून उरलंसुरलं खाते, तिच्या पोटातल्या बाळाचं साठ वर्षांनंतरचं दुखणं त्या ताटाशी जोडलेलं असू शकतं. मग शुगर निघालेल्या काकांनी जिलेबी सोडायची नाही का? सोडायचीच. पथ्य, चालणं, औषध हे त्यांचंच काम. पण "तुम्हीच ओढवून घेतलंत" म्हणायचा अधिकार आपल्याला नाही. उलट आज आपल्या घरात जी गरोदर आहे, तिचं ताट आधी वाढायचं. त्यालाच सेवा म्हणावं.

शेवटी थोडं व्यवहाराचं, कारण ग्रुपवर हे वारंवार विचारलं जातं. टाळ्या वाजवून, गळ्यावर लेप लावून थायरॉईड मुळापासून जातो, असे मेसेज कृपया पुढे पाठवू नका. थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यायची, आणि चहा अर्ध्या-पाऊण तासाने. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी तिच्यासोबत घ्यायची नाही, मध्ये चार तास जाऊ द्यायचे. उपवास आहे म्हणून गोळी चुकवायची नाही. इन्सुलिन किंवा शुगरचं औषध चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय निर्जळी करायची नाही. बरं वाटायला लागलं, तरी औषध मनाने बंद करायचं नाही. पुष्कळदा त्या औषधामुळेच बरं वाटत असतं.

आपल्या महाराजांच्या पूजेच्या ताटाशेजारी औषधाची डबी असायची, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. ती त्यांनी कधी लपवली नाही, आणि तिच्यामुळे त्यांची श्रद्धा कमी झाल्याचं आम्ही कधी पाहिलं नाही.

त्या काकूंना आम्ही एवढंच सांगितलं: राग कोणाचा ते रक्त तपासल्यावर कळेल, तोवर "चुकलं" म्हणायला हरकत नाही. काकू म्हणाल्या, "सुनेला कालच म्हटलं. आता उद्या तिच्याच गाडीवर बसून लॅबमध्ये जातेय."

या आठवड्यात आपणही घरातलं एखादं माणूस आठवून पाहू या, ज्याला आपण आळशी, चिडकं किंवा रडकं असं नाव देऊन मोकळे झालो आहोत. त्याच्याजवळ बसावं, आणि विचारावं, "तुला बरं वाटतंय ना?"

श्रीगुरुचरणी अर्पण.