दान की देणे?

सकाळी मुंग्यांच्या वारुळापाशी चिमूटभर साखर ठेवणारी, जेवणाआधी गोग्रास काढणारी, पितृपंधरवड्यात कावळ्याची वाट पाहणारी आजी आपल्या पिढीतील बहुतेकांनी पाहिली आहे. पंचमहायज्ञांपैकी भूतयज्ञ तो हाच. गृहस्थाच्या अन्नात इतर जीवांचाही वाटा असतो, हे त्यात गृहीत धरलेले असे. मीही त्याच संस्कारात वाढलो. जीवाला अन्न घालणे हे निखळ पुण्यकर्म होय, अशी माझी साठी उलटेपर्यंत समजूत होती. गेल्या उन्हाळ्यात एका प्लॅस्टिकच्या डब्याने ती डळमळीत केली.

माझा नऊ वर्षांचा नातू सुटीसाठी बंगळूरहून तारिहाळला आला होता. परसातल्या तुळशीच्या कुंडीखाली त्याला राखाडी रंगाचे किडे सापडले. हात लावताच ते अंग मुडपून मिरीच्या दाण्याएवढी गोळी होत. हे किडे आपण सर्वांनीच पाहिले आहेत. त्यांना नाव असावे, असे मात्र आपल्या मनात कधी आले नाही. नातवाला नाव ठाऊक होते : आयसोपॉड. हौशी लोक ते मुद्दाम पाळतात, परदेशी जाती तर विकत घेतात, ही माहितीही त्यानेच मला पुरवली. २२ किडे मोजून डब्यात गेले आणि त्यांचा संसार थाटला गेला.

त्यानिमित्ताने माझाही अभ्यास झाला. वस्तुतः हा प्राणी कीटक नव्हे. सात जोड्या पायांचा हा जीव खेकडा-कोळंबीच्या कुळातला. त्याचे पूर्वज केव्हातरी पाणी सोडून जमिनीवर आले. पाणी सुटले, तरी श्वासाची जुनी रीत सुटली नाही. पोटाखालच्या कल्ल्यांसारख्या अवयवांनी तो श्वास घेतो, आणि ते अवयव ओलसर राहिले तरच तो जगतो. उलट पाणी साचले, तर बुडून मरतो. म्हणून डब्याची एक बाजू ओली व दुसरी कोरडी ठेवायची, हवेसाठी भोके पाडायची, तळाशी माती, तीवर कुजकी पाने आणि लपायला झाडाची साल घालायची. आंब्या-पेरूची वाळलेली पाने हे त्याचे मुख्य अन्न. कधीमधी गाजराची चकती द्यावी आणि बुरशी येण्यापूर्वी ती काढून टाकावी. फवारणी झालेली पाने विषासमान. कवचासाठी चुना लागतो. तो आम्ही काष्ठौषधीच्या दुकानातून आणलेल्या समुद्रफेसाच्या तुकड्याने भागवला. कात टाकतानाही हा प्राणी आधी मागचे अर्धे अंग मोकळे करतो, मग पुढचे. मादी अंडी पोटाखालच्या पिशवीत वागवते. इतका बारकावा आपल्या पायाखाली नांदत होता, याचे मला नवल वाटले.

सुटी संपली, नातू गेला आणि डबा माझ्याकडे राहिला. मे महिन्यात एका लग्नासाठी आम्ही चार दिवस बेळगावला गेलो. डबा खिडकीत होता आणि दुपारचे ऊन तेथवर पोचते, हे माझ्या ध्यानात आले नाही. परतलो तेव्हा माती वाळून भेगाळली होती. सालीखाली एका कोपऱ्यात १७ किडे एकमेकांना बिलगून मेलेले होते. अंगातला ओलावा टिकावा म्हणून हे प्राणी असे दाटीने बसतात, हे मी नंतर वाचले. पाच जिवंत राहिले.

वाचकांना हसू येईल. १७ किडे मेले त्याचे एवढे काय? पावसाळ्यात आपल्या पायांखाली याहून अधिक चिरडले जातात. मला मात्र त्या कोपऱ्याकडे पाहवेना. कुंडीखाली असते, तर उन्हाची झळ लागताच ते आणखी खोल मातीत शिरले असते, भिंतीच्या फटीत किंवा मोरीच्या ओलीकडे गेले असते. त्यांच्या त्या साऱ्या वाटा मीच झाकणाने बंद केल्या होत्या.

इथेच आजीच्या साखरेचा आणि माझ्या गाजराचा फरक मला उमगला. आजी चार दिवस परगावी गेली, म्हणून मुंग्या उपाशी मेल्या नाहीत. त्या स्वतंत्र होत्या. साखर हे वरचे दान होते. डब्यातल्या जीवाला मात्र मी देईन तेवढेच अन्न आणि मी शिंपडेन तेवढेच पाणी. ज्याच्या इतर सर्व वाटा आपण बंद केल्या, त्याला घातलेला घास दानाच्या खात्यावर मांडता येत नाही. ते आपले देणे असते. सेवेत असताना दुष्काळी गावांत मी पाहिले आहे की, चारा संपला की शेतकरी डोळ्यांत पाणी आणून बैलाचे दावे सोडून देई. तेव्हा मला त्यात केवळ असहायता दिसली. आज वाटते, त्याला तो व्यवहार माझ्याहून चांगला कळत होता. दावे बांधले तेव्हाच त्याने चाऱ्याची हमी दिली होती. ती पाळणे अशक्य झाले, तेव्हा निदान गाठ तरी सोडणे त्याला भाग होते.

‘पण या किड्यांना वेदना कळते का?’ असा प्रश्न एका स्नेह्यांनी केला. प्रश्न रास्त आहे. ब्रिटनने २०२२ साली केलेल्या प्राणी-संवेदना कायद्यात खेकडे आणि शेवंडे यांना संवेदनाक्षम मानले. त्यांच्या कुळातले हे धाकटे भाऊबंद त्या यादीत नाहीत. आपला १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा व्याख्येपुरता तरी अधिक उदार आहे : मनुष्याखेरीज कोणताही सजीव प्राणी म्हणजे ‘प्राणी’. पाळलेल्या जीवाला पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे हा त्यात अपराध आहे. पहिल्या अपराधाला दंड ठरवला, तो १० ते ५० रुपयांचा. किड्यासाठी कोणी खटला भरणार नाही, हे मीही जाणतो. परंतु अज्ञान बालकाची मालमत्ता सांभाळणारा पालक ‘मुलाला हिशेब कळत नाही’ असे म्हणून सुटत नाही. धनकोला मोजता येते की नाही, यावर ऋणकोचे देणे अवलंबून नसते.

नातवाला दूरध्वनीवरून खरे ते सांगितले. थोडा वेळ तो गप्प राहिला, मग म्हणाला, “आजोबा, पाप मला लागेल का? पकडले तर मीच होते.” मला आदिपर्वातील अणीमांडव्याची कथा आठवली. निरपराध असूनही सुळावर चढलेल्या या ऋषीने धर्मराजाला जाब विचारला. लहानपणी तू किड्यांना गवताच्या काडीने टोचलेस, त्याचे हे फळ, असे उत्तर मिळाले. अजाण वयातल्या कृत्याला एवढी शिक्षा! ऋषीने धर्मालाच शाप दिला आणि चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाला पाप लागू नये, अशी मर्यादा घालून दिली. त्या शापाने जन्मला तो विदुर. ती कथा सांगून मी नातवाला म्हटले, “तू अजून मर्यादेच्या आत आहेस. झाकण लावले ते तू, पण डबा ताब्यात घेतला तो मी.” कथेने मुलाला सोडवले, साठी उलटलेल्या माणसासाठी तिच्यात पळवाट नाही.

मृगाचा पाऊस पडल्यावर उरलेले पाच किडे त्याच कुंडीखाली सोडले. ते तिथलेच होते, म्हणून हे शक्य झाले. परदेशी जात असती, तर इथल्या मातीत सोडणे हा दुसरा अपराध ठरला असता आणि मरेपर्यंत तिला सांभाळणे आले असते. पुढच्या सुटीत पुन्हा पाळू का, असे नातवाने विचारले आहे. मी नको म्हटले नाही. पाहण्यातून त्या मुलाला जे कळले, ते पुस्तकातून कळले नसते. अट मात्र एक घातली आहे : डबा कोणी सांभाळायचा आणि कोणत्या दिवशी रिकामा करायचा, हे झाकण लावण्यापूर्वीच ठरले पाहिजे.