वारसदार हजर आहेत का?

बँकेत 'वारसा' हा शब्द कोणी हसतमुखाने उच्चारल्याचे मला आठवत नाही. वारसा म्हणजे मृत्यूचा दाखला, वारसा म्हणजे प्रतिज्ञापत्र, वारसा म्हणजे दोन जामीनदार आणि वारसा म्हणजे धाकट्या भावाची 'माझी हरकत नाही' अशी सही. ती सही आणायला गेलेला थोरला भाऊ बहुधा परत येतो तो वकील घेऊनच. मयत खातेदारांच्या टेबलावर मी इतकी वर्षे काढली आहेत की एखाद्याने नुसते 'मी वारस' म्हटले, की माझा हात आपोआप फॉर्मच्या गठ्ठ्याकडे जातो.

बाहेर रस्त्यावर मात्र हाच शब्द गळ्यात झेंडूची माळ घालून हिंडत असतो. 'वारसा सप्ताह', 'वारसा फेरी', 'वारसा महोत्सव'! समईच्या पाच वाती, पाहुण्यांना शाल-श्रीफळ, आणि ज्याचा वारसा आहे त्याच्या फोटोपेक्षा प्रायोजकाचा फोटो मोठा. तिथे मृत्यूचा दाखला कोणी मागत नाही. मागायला हवा, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. म्हणजे निदान माणूस गेला आहे की अजून दारात उभा आहे, एवढा तरी उलगडा होईल.

आता आमच्या पिंपरी-चिंचवडला हा शब्द तसा नवाच. आमचे गाव यंत्रांचे. १९५४ साली पिंपरीत पेनिसिलिनचा कारखाना आला, मागोमाग मोटारी आल्या, स्कूटरी आल्या, १९७० साली नगरपालिका आली, १९८२ साली महानगरपालिका आली. या धांदलीत वारसा म्हणून सांगायला मोरया गोसावींची समाधी आणि चापेकरांचा वाडा. बाकी सगळे पाळीवर गेलेले. पण नाट्यगृहांच्या बाबतीत आम्ही मागे नाही हो! चिंचवडला रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह, पिंपरीला अत्रे रंगमंदिर, भोसरीला लांडगे नाट्यगृह, प्राधिकरणात गदिमांच्या नावाचे. जानेवारी २०२४ मध्ये शंभरावे नाट्यसंमेलन आमच्याकडे झाले, जब्बार पटेल अध्यक्ष होते. त्या दिवसांत आमच्या गल्लीत ज्याने आयुष्यात फक्त सत्यनारायणाची कथा ऐकली आहे, तोसुद्धा 'आपली संगीत रंगभूमी' असे म्हणू लागला होता.

पण नाटका-नाचाचा जुना ऐवज बघायचा तर पुणे गाठावे लागते. मे महिन्याची १८ तारीख हा जागतिक संग्रहालय दिन असतो, १९७७ पासून. हल्ली संग्रहालये अशा निमित्ताने नुसती दारे उघडून बसत नाहीत. नाट्यगीते, कथक, लावणी असे कार्यक्रमही ठेवतात. अशाच एका कार्यक्रमाला मी सहकुटुंब गेलो होतो. कुठल्या संग्रहालयात ते सांगत नाही. पुन्हा आत सोडायला हवे.

दालनात काचेची कपाटे भिंतीला सरकवून मध्ये खुर्च्या मांडलेल्या. भिंतीवर पाटी : 'शांतता राखा. वस्तूंना हात लावू नये.' आणि त्या पाटीखाली ढोलकीवाला बसलेला! ढोलकीवर पहिली थाप पडली तशी कपाटांच्या काचा थरथरल्या. बाई नाचायला लागली आणि अर्ध्या मिनिटात सगळे दालन ताठ बसले. माना हलवायच्या की नाही, हे प्रत्येकजण शेजाऱ्याकडे बघून ठरवत होता. मागच्या रांगेत पागोटेवाले एक आजोबा होते. त्यांनी न राहवून जी शिट्टी घातली ती थेट मंचरच्या जत्रेतली. पहारेकऱ्याने लगबगीने येऊन त्यांना पाटी दाखवली. मला वाटते, त्या बाईला त्या सबंध तासात मिळालेली ती एकच खरी दाद होती.

मध्यंतरात आमची धाकटी एका कपाटापुढे उभी राहिली. आत घुंगरांची जोडी होती. खाली चिठ्ठी : घुंगरू, पितळ, एकोणिसावे शतक.

"बाबा, कोणाचे होते?"

चिठ्ठीवर धातू होता, शतक होते. पाय कोणाचे ते नव्हते. बँकेत आम्ही आधी नाव लिहितो, मग रक्कम. नाव नसेल तर ती रक्कम 'सस्पेन्स'मध्ये जाते. त्या कपाटातला बराचसा ऐवज मला सस्पेन्स खात्यातला वाटला.

यात संग्रहालयाचा दोष नाही, हे आधी सांगून टाकतो. शुक्रवार पेठेतले राजा दिनकर केळकर संग्रहालय घ्या. दिनकर केळकरांनी जन्मभर जुनी वाडे-घरे धुंडाळून दिवे, अडकित्ते, दरवाजे, वाद्ये अशी हजारो चीजवस्तू जमवली आणि १९७५ साली सगळी सरकारच्या हवाली केली. लहानपणीच गेलेल्या राजा या मुलाचे नाव त्यांनी तिला दिले. मुलगा गेला तर बाप मागे उरलेले कपडे कवटाळून बसतो. या बापाने सबंध समाजाचे मागे उरलेले सामान सांभाळले. ते नसते तर त्यातले निम्मे आज मोडीत वितळून गेले असते. संग्रहालय म्हणजे समाजाचे लॉकर. लॉकरशिवाय कोणाचे चालले आहे?

पण अडचण अशी, की अडकित्ता लॉकरमध्ये ठेवला तर अडकित्ताच राहतो. नाच ठेवला तर मागे पितळ उरते. मडके कपाटात मावते, नाटक मावत नाही. बालगंधर्वांचा शालू ठेवता येईल, तो नेसून त्यांनी टाकलेले पाऊल कुठल्या खणात ठेवणार? गंधर्व नाटक मंडळी १९१३ साली निघाली आणि पुढे कर्जात बुडाली हे सर्वांना ठाऊक आहे. आमच्या शाखेत ते कर्जाला आले असते तर मॅनेजरांनी पहिला प्रश्न विचारला असता, "नारायणराव, तारण काय?" गळा तारण ठेवून घ्यायची सोय अजून कुठल्याच बँकेत नाही.

तेव्हा प्रश्न असा : जी गोष्ट होत असतानाच असते आणि थांबली की नसते, तिचा वारस कोणाला म्हणायचे? आम्ही वाणिज्य शाखेचे लोक; आम्हाला ताळेबंदाला दोन बाजू असतात एवढेच शिकवलेले. आणि कायदाही तेच सांगतो. बापाची मिळकत घेतलीस ना, मग त्या मिळकतीपुरते बापाचे कर्जही तूच फेड. उत्सवात मला दिसते ती फक्त मिळकतीची बाजू. 'आपली लावणी', 'आपला तमाशा' म्हणताना छाती फुगते. देण्यांच्या पानावर कोणीच बोट ठेवत नाही.

चाकणहून नाशिक रस्त्याने पुढे गेले की नारायणगाव लागते. गुढीपाडव्याच्या सुमारास तिथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे जत्रेचे पुढारी सुपारी ठरवायला येतात. याच गावचे नाव लावणाऱ्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. १९५७ आणि १९९० साली त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवले गेले. भर खेळात पोटात कळा आल्या, पडद्यामागे बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा फडावर आल्या, ही त्यांची गोष्ट महाराष्ट्र अजून सांगतो. शेवटचे दिवस मात्र हलाखीत गेले. २००२ च्या जानेवारीत त्या वारल्या, तेव्हा दवाखान्याचे बिल लोकांच्या देणग्यांतून भागवावे लागले. पुढे सरकारने त्यांच्या नावाने तमाशासाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. पुरस्कार चांगलाच आहे. मी फक्त नोंदींच्या तारखा बघतो. धंद्याची खोडच ती.

विठाबाईंना तंबूत बघितले तर चवचालपणा, लावणी संग्रहालयात बघितली तर संस्कृती. ढोलकी तीच, ठेका तोच. बदलल्या त्या फक्त खुर्च्या. आमच्या शाखेतले एक गृहस्थ लोककलांवर डोळे भरून येईपर्यंत बोलतात. त्यांच्याच गावच्या जत्रेत तमाशा बंद करून ऑर्केस्ट्रा आणावा असा ठराव आला, तेव्हा पहिला हात त्यांचा वर गेला होता. "मुलंबाळं असतात हो!" असे त्यांचे म्हणणे. मुलेबाळे नाचणाऱ्या बाईलाही असतात, हे ठरावात कुठे बसत नसावे.

आता रिझर्व्ह बँकेचा एक नियम सांगतो. रुक्ष आहे, पण दोन मिनिटे सोसा. बचत खात्यात खातेदाराने दोन वर्षे काही व्यवहार केला नाही, तर ते खाते निष्क्रिय होते. लोक भांडायला येतात. "अहो, निष्क्रिय कसं? व्याज तर जमा होतंय!" त्यांना सांगावे लागते, की बापा, व्याज बँकेने आपणहून जमा केले, तो तुझा व्यवहार नव्हे. तू स्वतः काहीतरी भर, नाहीतर काढ, तरच खाते जिवंत. दहा वर्षे तसेच राहिले तर शिल्लक रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. बुडत नाही, मागितली तर मिळते. पण मागायला वारसदार हजर असावा लागतो.

जयंत्या, पुण्यतिथ्या, महोत्सव हे मला असे आपोआप जमा होणारे व्याज वाटते. दरवर्षी पाच नोव्हेंबरला रंगभूमी दिन येतो, कारण १८४३ साली त्या तारखेला सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले. आम्ही नटराजाला हार घालतो, पासबुकात नोंद होते, खातेदाराचा मात्र पत्ता नाही. उलट, त्याच भाव्यांच्या लाकडी बाहुल्या वर्षानुवर्षे पडून होत्या. रामदास पाध्यांनी त्या दुरुस्त करून पुन्हा खेळवल्या. हा खरा व्यवहार. बाहुल्यांचे खाते चालू झाले.

यावर कोणी म्हणेल, "म्हणजे काय, आवडत नसताना तमाशाला जाऊन बसायचं?" अजिबात नाही. कर्तव्य म्हणून आलेला प्रेक्षक जांभई लपवत बसतो, आणि लपवलेली जांभई रंगमंचावरून स्पष्ट दिसते. न आवडण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. मला स्वतःला तीन अंकी संगीत नाटकाच्या दुसऱ्या अंकात हमखास डुलकी लागते. पण मग मी स्वतःला त्याचा वारस म्हणवत नाही. लांबचा नातेवाईक म्हणतो. वारस व्हायचे तर खिशात हात घालावा, घरच्या पोरीला नाचायचे असेल तर तिचा पाय धरू नये, आणि नाचणारीशी समोरासमोर 'अहो' म्हणून बोलावे. ही तीन देणी भागवली, की मिरवणूक काढा नाहीतर काढू नका.

चाकणच्या कारखान्यात रात्रपाळी करणारा एक खातेदार आमच्याकडे येतो. दरवर्षी मार्च संपता संपता तो ठराविक रक्कम काढतो : गावच्या जत्रेची वर्गणी. एकदा मी विचारले, "इतके कशाला? देवाला एवढं लागतं?"

"देवाला कुठं साहेब? देव नारळावर खूश असतो. फडाची सुपारी असतीया. पैसं नाय दिलं तर बाई नाचंल कशी? आन् नाचली नाय तर वर्षभर आमी बोलायचं काय?"

वारसा हा शब्द त्याने उभ्या आयुष्यात उच्चारला नसेल. फॉर्मही भरला नाही, जामीनदारही आणले नाहीत. तरी माझ्या टेबलावरच्या सगळ्या कागदांपेक्षा त्याचा दावा मला पक्का वाटला.

परवा रविवारी चिंचवडला नाटकाची दोन तिकिटे काढली. पास मिळत होते, तरीही. आमची ही म्हणाली, "दुसऱ्या अंकात झोपणारच आहात, तर पैसे कशाला?" दारावरच्या माणसाने निम्मे तिकीट फाडून घेतले. उरलेले निम्मे अजून माझ्या पाकिटात आहे. त्यावर शतक लिहिलेले नाही, रविवारची तारीख आहे.