व्रणावरचे गोंदण

धरणगावसारख्या गावात अंगावरचा व्रण एकट्याचा राहत नाही. पोळलेला हात, टाके पडलेली हनुवटी यांची हकिकत आळीला पाठ असते, ज्याला ठाऊक नसते तो सरळ विचारतो, "हे काय झालं?" विचारण्यात दुष्टावा नसतो. तरीही व्रण वागवणाऱ्याला तीच एक कथा आयुष्यभर, परक्यालासुद्धा, सांगत राहावी लागते. अशी एखादी स्त्री स्टोव्हच्या भडक्याने पोळलेल्या मनगटावर मोर नाहीतर वेल गोंदवून घेते, असे समजू. तिने सत्य झाकले, असे म्हणता येईल काय?

खानदेशाला गोंदण नवे नाही. बाजारात, जत्रेत सुया घेऊन बसणाऱ्या गोंदणाऱ्या बाया जुन्या पिढीने पाहिल्या आहेत. मागाहून विजेवरचे यंत्र आले, आता शहरांत टॅटूची दुकाने आहेत. मेल्यावर सोबत येणारा दागिना तो हाच, अशी समजूत. मात्र सारेच गोंदण लेणे नव्हते. कंपनी सरकारच्या अमलात बंगालमध्ये १७९७ च्या कायद्याने जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदला जाई. १८४९ मध्ये ही शिक्षा रद्द झाली. तोवर कैदी फेटा भुवयांपर्यंत ओढून ती अक्षरे झाकत. त्यांना खोटारडे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आपल्या कातडीवर दुसऱ्याने लिहिलेला मजकूर येत्याजात्याला वाचू देण्याचे बंधन माणसावर कोठून आले?

व्रण मिरवावा, असे सांगणारेही आहेत. रक्तसाक्ष्यांच्या जखमांच्या खुणा पुनरुत्थित देहावरही दिसतील आणि त्या कुरूप नव्हे तर गौरवाच्या असतील, असे संत ऑगस्टीनने 'देवाचे नगर' या ग्रंथात म्हटले आहे. विचार उदात्त आहे खरा. पण रक्तसाक्ष्याने ती जखम श्रद्धेपायी पत्करलेली असते. स्वयंपाकघरात पोळलेल्या बाईने काहीच पत्करलेले नसते. तिच्यावर तो गौरव लादणे म्हणजे दुसऱ्याच्या दुःखावर आपण प्रवचन करणे होय.

एक आक्षेप मात्र मला सहज बाजूला सारता येत नाही. तो भडका अपघाताचा नसेल, कोणा घरच्याच माणसाने दिलेला चटका असेल, तर? मग तो व्रण पुरावा असतो, आणि त्यावर उमटणारा मोर गुन्हेगाराच्या सोयीचा ठरू शकतो. म्हणून गोंदणाच्या आधी जखमेची नोंद आणि डॉक्टरचा कागद व्हावा, असे मी म्हणेन. परंतु न्याय मिळेपर्यंत, किंवा तो कधीच मिळाला नाही तर जन्मभर, तिने हात उघडा ठेवून साक्षीला उभे राहावे, हे सांगण्याचा अधिकार मला नाही. साक्षीचे ते ओझे ज्यांनी पाहिले आणि मौन धरले, त्यांचे आहे.

शिवाय गोंदण व्रण पुसत नाही. जखम ताजी असताना त्यावर गोंदता येत नाही. ती पुरती भरून कातडी निवायला वर्षभर, कधी त्याहून अधिक काळ द्यावा लागतो. नव्या कातडीत शाई सारखी धरत नाही, कोठे पसरते, कोठे फिकी पडते. उंचवटा तर तसाच राहतो. लांबून पाहणाऱ्याला मोर दिसतो. धरणगावच्या आळीला जे ठाऊक होते ते ठाऊकच राहते, फक्त आता विचारणारा विचारतो, "मोर कोठे गोंदवला?" आणि या प्रश्नाला ती हसून उत्तर देऊ शकते. मनगट हातात घेण्याइतका जो जवळचा, त्याच्या बोटांना पिसाऱ्याखालचा खडबडीतपणा लागतोच. त्याला काय सांगायचे, ते ती ठरवील.