झळाळी : आपली आणि उसनी

दिवाळी जवळ आली की आमच्या घरी माळ्यावरची तांब्यापितळेची भांडी खाली उतरतात. चिंचेचा कोळ आणि मीठ लावून पूर्वी आई ती घासत असे, आता पत्नी घासते. काळवंडलेला हंडा अर्ध्या तासात झळाळू लागतो. त्या झळाळीला कोणी खोटी म्हणत नाही. मग गेल्या वर्षी आमची जुनी मोटार मी स्वतःच्या हाताने घासून चकचकीत केली, तेव्हा माझ्या मनाला टोचणी का लागावी? हा प्रश्न मी वर्षभर बाळगून आहे.

गाडी 1999 सालची लाल मारुती 800. मी ती 2008 साली वापरलेलीच घेतली होती. बेळगावच्या उन्हापावसात अंगणात उभी राहून तिचा रंग विटला होता. टपावर हात फिरवला की पांढुरकी भुकटी बोटांना लागे. उन्हातील अतिनील किरणांनी रंगातील राळेचा बंध सुटतो आणि रंगाचे कण मोकळे होतात. पृष्ठभाग असा खरबरीत झाला की प्रकाशाचे नियमित परावर्तन होत नाही, तो चहूकडे विखुरतो. रंग निस्तेज दिसतो तो यामुळे.

गाडी विकायची ठरली, तेव्हा एका ओळखीच्या कानडी रंगाऱ्याला विचारून मी कामाला लागलो. गाडी सावलीत घेतली, पत्रा गार होऊ दिला. आधी शाम्पूच्या पाण्याने धूळ पूर्ण काढली, कारण एक खडा कापडाखाली राहिला तरी ओरखडा उठतो. मग मऊ कापडावर रबिंग कंपाउंड घेऊन एका वेळी दोन वीत जागा घासत गेलो. कडांवर रंग पातळ असतो म्हणून तेथे हात हलका ठेवला. नंतर पॉलिश आणि शेवटी मेण. दोन रविवार गेले, पण टपात आंब्याच्या फांद्या दिसू लागल्या.

कापड मात्र लालभडक झाले होते. रंगारी म्हणाला, "ही जुन्या एकथरी रंगाची खूण. नव्या गाड्यांना वरून पारदर्शक थर असतो. तो सोलला की घासून उपयोग नाही, पुन्हा रंगच मारावा लागतो." गाडीवरचा सारा रंग मिळून जेमतेम मिलिमीटरचा दहावा हिस्सा. प्रत्येक घासणीत त्यातला थोडा जातो. म्हणजे ही चकाकी फुकट मिळत नाही. मेलेला थर काढून खालचा जिवंत थर वर आणायचा, आणि ते थर मोजकेच असतात.

येथवर माझे काही चुकले नव्हते. जे वर आले ते गाडीचेच होते. पण डाव्या दाराच्या खालच्या कडेला गंजाने पत्रा खाल्ला होता. तेथे मी पुट्टी भरली, कागद मारला आणि जुळता लाल रंग फवारला. दोन हात अंतरावरून काही कळत नव्हते.

गाडी घ्यायला आला तो माझाच एक जुना विद्यार्थी. "बघून घे रे नीट," मी म्हणालो. तो हसून म्हणाला, "सर, तुमची गाडी म्हटल्यावर काय बघायचं?" आणि त्याने इसार माझ्या हातावर ठेवला. 'बघून घे' म्हणताना मी नेमका त्या दारापुढे उभा होतो, हे मला रात्री आठवले.

झाकणे म्हणजे खोटेपणा, असे सरसकट म्हणता येत नाही. कल्हई हेही झाकणेच. पण कल्हई लावली आहे हे जेवणाऱ्याला ठाऊक असते, आणि ती असते त्याच्याच हितासाठी, आंबट पदार्थ तांब्यापितळेत कळकू नये म्हणून. माझी पुट्टी घेणाऱ्याला ठाऊक नव्हती आणि तिचा लाभ मला होता. फरक थराच्या जाडीत नाही, थर कोणासाठी लावला यात आहे. कानडीत बण्ण म्हणजे रंग, आणि गोड बोलून भुलवण्याला 'बण्णद मातु' म्हणतात, रंगाचे बोलणे. मी तर बोललोही नव्हतो. माझ्या पेशाचा रंग माझ्या वतीने बोलला होता. तपासणीच्या आठवड्यात गळक्या छताखालच्या भिंतींना चुना काढून घेणारा मुख्याध्यापक मीच आहे, हेही त्या रात्री सुचले.

तिसऱ्या दिवशी मी त्याला बोलावले आणि दार उघडून गंज दाखवला. तो काही वेळ गप्प उभा राहिला. मग खाली वाकला. चारही दारांच्या कडांवरून बोटे फिरवली, बॉनेट उघडले, मागची चटई उचलून पाहिली. किमतीत पाच हजार कमी करून मागितले, मी ते केले. 'सर' म्हणून नमस्कार करून तो गाडी घेऊन गेला.

खरे सांगितल्याने मला हलके वाटेल अशी माझी समजूत होती. तसे झाले नाही. पहिल्या दिवशी त्याने जे तपासले नव्हते ते त्याला तपासावे लागले, आणि तो अधिकार त्याला मीच दिला होता. उशिरा सांगितलेले सत्यही कंपाउंडसारखेच असते. ते वरची खोटी पुटे काढते, पण जाताना विश्वासाचा एक थर घेऊन जाते. तरी सांगावेच लागते, कारण गंज झाकला म्हणून थांबत नाही, तो आतून पसरतच असतो. सांगायचे ते पहिल्याच दिवशी सांगितले असते, तर एवढा थर वाचला असता.

यंदा शाळेच्या भिंतींना चुना काढण्याआधी छताची कौले उतरवून घेतली आहेत. पैसे तेवढेच होते. भिंती तशाच राहिल्या.