परतीची बोट

आयर्लंडच्या नैर्ऋत्येला केरी काउंटीतले डिंगल द्वीपकल्प अटलांटिक महासागरात लांबवर घुसलेले आहे. त्याच्या टोकापासून, डनमोर हेडपासून, जेमतेम २ किलोमीटरवर ग्रेट ब्लास्केट हे बेट आहे. लांबी सुमारे ६ किलोमीटर, सर्वांत उंच माथा २९२ मीटर. पूर्वेच्या उतारावर पडक्या दगडी घरांचे गाव, त्याच्या अंगाला पांढऱ्या वाळूचा किनारा आणि मागे समुद्रात निमुळती होत गेलेली डोंगराची धार, एवढाच त्याचा पसारा. १९५३ मध्ये सरकारने हे गाव उठवले. आता उन्हाळ्याच्या महिन्यांत, हवामानाने परवानगी दिली तर, एक दिवसाच्या सफरीला माणसे तिथे जातात.

सफरीचा क्रम ठरलेला आहे. बेटासमोरच्या डनक्विन गावाच्या उभ्या कड्यावरून एक नागमोडी वाट धक्क्यापर्यंत उतरते. बेटाच्या चिंचोळ्या बंदरात मोठी बोट शिरू शकत नाही, म्हणून बेटाजवळ प्रवाशांना रबरी होडीत उतरवतात आणि तिथून खडकांमधल्या घसरड्या उतारावर पाय ठेवायचा. पुढचे काही तास त्यांचे. घरांच्या भिंतींमधून हिंडावे, डोंगराच्या हिरव्या वाटेने जावे, किनाऱ्यावर पहुडलेले सील दुरून पाहावेत, बरोबर आणलेले सँडविच खावे आणि ठरल्या वेळी पुन्हा त्या उतारावर यावे. दोघांनी मिळून एक दिवस असा काढावा, याची ओढ समजण्यासारखी आहे. बेटावर गाड्या नाहीत, बाजार नाही, पाहिलेच पाहिजे अशा स्थळांची यादीही नाही. संसारात एकमेकांशी बोलायचे राहून जाते ते बोलायला, किंवा न बोलता बरोबर चालायला, इथे मोकळीक मिळते.

मात्र ही मोकळीक ज्या एकांतातून येते, त्याची घडण नीट पाहिली पाहिजे. दुर्गम म्हणजे दूर, असे सर्रास मानले जाते. ब्लास्केटला ते लागू पडत नाही. समोरच्या गावातली घरे बेटावरून दिसतात. दुर्गमता ठरते ती परतीच्या खात्रीवर. दुपारची बोट ज्याच्यासाठी येणार आहे त्याला हे बेट रमणीय वाटते. पुढचे तीन आठवडे होडी पाण्यात घालता येईल की नाही हे ज्याला ठाऊक नाही, त्याचा सगळा संसार या अनिश्चिततेभोवती बांधला जातो. सफरीला आलेले जोडपे ज्या गावातून हिंडते ते गाव कसे संपले, हे याच धाग्याने उलगडते. मुख्य म्हणजे ते संपले तेही जोडपी जुळायची थांबली म्हणून.

१९१६ च्या सुमारास बेटावर १७६ माणसे होती. मासेमारी, मेंढ्या, बटाट्याची तुटपुंजी शेती, डोंगरावरचे ससे आणि जळणासाठी पीट यांवर त्यांचे चाले. होडी म्हणजे नेवोग: लाकडी पट्ट्यांच्या सांगाड्यावर डांबर लावलेले कापड ताणून केलेली हलकी नाव. बेटावर चर्च नव्हते, डॉक्टर नव्हता, दारूचा गुत्तादेखील नव्हता. लग्नाला धर्मगुरू हवा आणि धर्मगुरू पलीकडे, त्यामुळे वरातही समुद्रावरून जाई आणि समुद्रावरूनच परते.

लग्ने कशी ठरत, हे बेटावरच्याच दोन माणसांनी सांगून ठेवले आहे. टोमास ओक्रोहन हा तिथला मच्छीमार. त्याचे मन शेजारच्या इनिशविकिलेन या आणखी लहान बेटावरच्या मुलीत गुंतले होते. त्याच्या बहिणीने मोडता घातला: अडीअडचणीला धावून यायचे तर व्याही हाकेच्या अंतरावर हवेत, तिकडच्या बेटावरून मदत कशी येणार? १८७८ मध्ये टोमासचे लग्न बहिणीने सुचवलेल्या मुलीशी झाले. बहिणीला निष्ठुर म्हणणे सोपे आहे, पण समुद्राचा हिशेब तिने भावापेक्षा नीट मांडला होता. पेग सेयर्स ही डनक्विनची. तिला अमेरिकेला जायचे होते. आधी गेलेली मैत्रीण तिकिटाचे पैसे पाठवणार होती, ते जमले नाही. मग एका रात्री बेटावरची माणसे मागणी घेऊन आली आणि ज्याला ती धड ओळखतही नव्हती अशा पुरुषाशी तिची गाठ बांधली गेली. तिने उरलेल्या आयुष्यातला मोठा काळ त्याच बेटावर काढला आणि शेकडो लोककथा सांगून ठेवल्या. दोन्ही लग्नांत प्रेमाच्या आधी समुद्र विचारात घेतलेला दिसतो.

पुढे मुलीच राहिनाशा झाल्या. अमेरिकेतल्या मॅसेच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्ड शहरात ब्लास्केटच्या लोकांची वसाहत तयार झाली होती. एक बहीण गेली की ती दुसरीचे तिकीट काढी. मासळीचा भाव पडला तशी तरुणांचीही रीघ लागली. मागे राहिलेल्या पुरुषांशी लग्न करून बेटावर नांदायला पलीकडची मुलगी तयार होईना. लग्ने थांबली, पाळणे हलेनासे झाले आणि १९४१ मध्ये शाळा बंद पडली. शाळा बंद पडलेले गाव उठायला मग फार वर्षे लागली नाहीत.

बाहेरून येऊन परत जाणारे मात्र आजच्या सफरींच्या कितीतरी आधीपासून येत होते. नाटककार जे. एम. सिंग १९०५ मध्ये येऊन गेला, नॉर्वेचा भाषाशास्त्रज्ञ कार्ल मार्स्ट्रॅंडर १९०७ मध्ये. ब्रिटिश म्युझियममधला रॉबिन फ्लॉवर १९१० पासून वर्षानुवर्षे येत राहिला. ग्रीकचा अभ्यासक जॉर्ज टॉमसन १९२३ मध्ये आला. अस्सल आयरिश भाषा ऐकायला ते येत, आणि उन्हाळ्यात येत. तरी त्यांच्या येण्याला फळ आले. ब्रायन केली नावाच्या पाहुण्याने टोमासला पिएर लोती आणि गॉर्की वाचून दाखवले. कोळ्यांच्या आणि गरिबांच्या जगण्यावर पुस्तक होऊ शकते हे पाहून टोमासने लेखणी उचलली. त्याचे आत्मकथन १९२९ मध्ये आले, मॉरिस ओसलिव्हनचे १९३३ मध्ये, पेगचे १९३६ मध्ये. पेगने ते मुलाला सांगितले आणि त्याने लिहून घेतले. ओसलिव्हनच्या पुस्तकाच्या इंग्रजी अनुवादाला प्रास्ताविक लिहिले ई. एम. फॉर्स्टर यांनी, म्हणजे देवासच्या मराठा दरबारात महाराजांचे खासगी चिटणीस म्हणून राहिलेल्या त्याच फॉर्स्टरनी. दीडशे-पावणेदोनशे वस्तीच्या गावातून एवढे साहित्य निघाल्याचे उदाहरण शोधूनही सापडणे कठीण. पुढे पेगचे पुस्तक आयर्लंडच्या शाळांत सक्तीने लावले गेले आणि विद्यार्थ्यांच्या कैक पिढ्या त्या बिचाऱ्या म्हातारीवर वैतागल्या. पाठ्यपुस्तक झाले की असे व्हायचेच.

पाहुणा आणि बेटकरी यांच्यातला फरक १९०९ मधल्या एका घटनेत दिसतो. डब्लिनहून आलेली एक तरुणी बेटाजवळ पोहताना अडचणीत आली. तिला वाचवायला टोमासचा मुलगा पाण्यात गेला. दोघेही बुडाले. टोमासची बरीच मुले त्याच्या डोळ्यांदेखत गेली. हा त्यांतला एक.

१९४६-४७ च्या हिवाळ्यात बेटावरचा एक २४ वर्षांचा तरुण मेंदूज्वराने आजारी पडला. समुद्र खवळलेला, बिनतारी दूरध्वनी बंद. डॉक्टर पोहोचला नाही, धर्मगुरूही नाही. तो तसाच गेला. १९४७ मध्येच वादळांनी बेटाचा संपर्क तुटला आणि अन्न संपल्याची तार पंतप्रधान डी व्हॅलेरा यांना गेली. उन्हाळ्यात ते स्वतः बेटावर आले. बेटकऱ्यांनी पलीकडे घरे मागितली. १७ नोव्हेंबर १९५३ रोजी उरलेल्या २२ जणांना हलवायचे ठरले, तेव्हाही हवामानाने अडथळा आणलाच. नवी घरे डनक्विनला मिळाली, जिथून समोर आपले बेट दिसे.

म्हणून बेटकरी तिथे दुःखातच जगले, असा निष्कर्ष काढणेही चुकीचे ठरेल. त्यांच्या पुस्तकांत थट्टा आहे, भांडणे आहेत, सील आणि सशांच्या शिकारीचा आनंद आहे, रात्र रात्र चालणाऱ्या गप्पा आहेत. पण जे पाहुण्याला शांत वाटते ते त्यांच्या काळी शांत नव्हते: तिथे पोरे ओरडत, गाढवे पीटच्या पाट्या वाहत, कुत्री भुंकत. आजची शांतता माणसे निघून गेल्याने आली आहे. एक दिवसाच्या सफरीला खोटे म्हणण्याचे कारण नाही. परत जाणाऱ्या माणसांना जे दिसू शकते ते तिच्यात दिसते, आणि तेही थोडे नाही. त्याला संपूर्ण बेट समजू नये, इतकेच. जाणाऱ्या दोघांनी आधी टोमासचे पुस्तक वाचावे, नाहीतर डनक्विनचे ब्लास्केट केंद्र तरी पाहून जावे. भिंती मग नुसत्या भिंती राहत नाहीत.

बेटावरची काही घरे आता दुरुस्त केली आहेत आणि हंगामात तिथे मुक्कामही करता येतो. त्यांची आणि तिथल्या कॉफीच्या छोट्या दुकानाची देखभाल करायला दोघे जण हवेत, जोडपे किंवा मित्र, अशी जाहिरात २०२० च्या आरंभी निघाली. विजेची लाइन नाही, नळाला गरम पाणी नाही, हे त्यात स्पष्ट होते. तरी जगभरातून हजारो अर्ज आले. नोकरीची मुदत होती एप्रिल ते ऑक्टोबर.