गाव सोडणे हा दोष आहे काय?



चाळीस वर्षे कीर्तनाला उभा राहिलो. आता गुडघे उभे राहू देत नाहीत, म्हणून सोलापुरात घरी बसून पूर्वी जे बोललो त्याचे मनन करतो. त्यात माझे एक जुने निरूपण वारंवार आडवे येते. ते चुकले होते. कसे चुकले, ते आपल्यापुढे ठेवतो.

साधारण ३५ वर्षांपूर्वी सांगोला तालुक्यातील एका गावी सप्ताह होता. मी पुंडलिकाचे चरित्र लावले होते. पुंडलिक आईबापांची सेवा करीत आहे, देव दाराशी आला, तरी तो उठला नाही. वीट फेकली आणि देवाला तिच्यावर थांबायला सांगितले. एवढे बोलून मी श्रोत्यांकडे वळलो आणि म्हणालो, "देव आला तरी पुंडलिक आईबापांपासून हलला नाही. आणि आजची पोरे चार पैशांच्या लोभाने पुण्यामुंबईला पळतात!" लोकांनी माना डोलावल्या. मला वाटले, कीर्तन रंगले.

आरती झाल्यावर एक म्हातारी माय दर्शनाला आली. म्हणाली, "बुवा, माझं लेकरू मुंबईला हाय. लोभानं न्हाई गेलं. हिरीत पानी न्हवतं म्हनून गेलं. त्याच्या पैशावर म्या दोन येळा खाती. ही सेवाच धरा की." मग जरा थांबून तिने विचारले, "तुमी आळंदीला शिकाया ऱ्हायलात, तवा घर कुनी चालवलं?"

मला उत्तर देता आले नाही. उत्तर मला ठाऊक होते, म्हणूनच देता आले नाही.

१९७२ चा दुष्काळ आठवणारे वाचक अजून आहेत. मी तेव्हा विशीत होतो. मंगळवेढ्याकडचे आमचे गाव. जमीन काळी, पण पाऊसच नाही. जनावरे विकली. दुष्काळी कामावर आम्ही खडी फोडली, मिलो खाल्ला, लेकरांना सुकडी मिळे. त्या वर्षी माझे थोरले बंधू, आमचे दादा, मुंबईला गिरणीत लागले. त्यांनाही भजनाचे वेड होते, गळा माझ्यापेक्षा गोड होता. पण दोघांपैकी एकाला जाणे भाग होते. ते गेले, म्हणून मी राहिलो. त्यांची मनीऑर्डर येई, त्यावर आईबाप जगले आणि मी आळंदीला ज्ञानेश्वरी शिकलो. म्हणजे ज्या तोंडाने मी जाणाऱ्यांना लोभी म्हटले, त्या तोंडात जाणाऱ्याचाच घास होता.

माझी नात भूगोल शिकते. तिने सांगितले की माणसाच्या स्थलांतराला अभ्यासक दोन प्रकारची कारणे मानतात : गावातून ढकलणारी आणि दुसरीकडे ओढणारी. एव्हरेट ली नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९६६ साली त्यात आणखी दोन गोष्टी धरल्या, मधल्या वाटेवरचे अडथळे आणि ज्याच्या त्याच्या स्वतःच्या परिस्थितीची कारणे. मी तिला म्हणालो, "बाळ, हे आमच्या देवाला लागू आहे!" रुक्मिणीमाता द्वारकेतून रुसून निघाली आणि दिंडीरवनात आली, हे ढकलणे. तिला शोधीत देव आले आणि पुंडलिकाच्या भक्तीने थांबले, ही ओढ. आपला पांडुरंगच परगावाहून आलेला आहे. दाराशी आलेल्याला पुंडलिकाने परत पाठविले नाही. विटेएवढी का होईना, जागा दिली. मी चाळीस वर्षे पुंडलिकाचे न हलणे सांगितले. हे जागा देणे सांगायचे राहून गेले.

आमचे सोलापूर तर अशा विटांवरच उभे आहे. १८६० मध्ये इथे रेल्वे आली. १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ पडला आणि त्याच काळात, १८७७ मध्ये, इथली पहिली कापड गिरणी निघाली. आपण तिला जुनी मिल म्हणतो. निजामाच्या राज्यातील तेलंगणातून पद्मशाली विणकरांची घरेच्या घरे इकडे आली. तिकडे दुष्काळ आणि गिरणीच्या कापडापुढे हरलेला हातमाग. इकडे माग, मजुरी आणि सुताचा बाजार. ज्या चादरीने सोलापूरचे नाव देशभर झाले, ती विणणारे बहुतेक हात या घरांतले. त्यांच्या आयाबायांनी विड्या वळून संसार केले. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महाराजांचा रथ निघतो आणि शेगावहून श्री गजानन महाराजांची पालखी आली की पूर्व भागातली तेलुगू बोलणारी घरेही दर्शनाला धावतात. आज यांना परके कोण म्हणेल? पण त्यांच्या पणजोबांनी गाव सोडले त्या दिवशी तिकडच्या एखाद्या बुवाने त्यांनाही लोभी म्हटले असेल.

संतांची चरित्रे पाहा. नामदेवराय पंढरी सोडून पंजाबात घुमानपर्यंत गेले, त्यांना नामप्रसाराची ओढ होती. माउली आणि भावंडे शुद्धिपत्रासाठी पैठणपर्यंत चालली, ती समाजाने ढकलली म्हणून. चोखोबारायांना मंगळवेढ्याच्या गावकुसाच्या कामावर जावे लागले आणि ती भिंत कोसळून त्यांचा देह गेला. तिन्ही वाटचालीच. पण तिन्हींचे पुण्य-पाप एका मापाने मोजता येईल काय? जो ओढीने जातो त्याला त्याची ओढ विचारावी. जो ढकलला गेला त्याला मात्र प्रश्न विचारू नये. प्रश्न ढकलणाऱ्याला विचारावा.

आणि ढकलणारा नेहमी दुष्काळच असतो असे नाही. पाणी नाही म्हणून गाव सुटते, तसे पाणी आले म्हणूनही सुटते. उजनीच्या धरणात भीमाकाठची गावे गेली. उन्हाळ्यात पाणी उतरले की पळसदेवचे जुने देऊळ वर दिसते. त्या पाण्यावर आज आमच्या जिल्ह्यात ऊस डोलतो. ऊस पाहून समाधान मानताना, ते देऊळ ज्यांचे होते त्यांचीही आठवण ठेवावी.

मंगळवेढ्याचे दामाजीपंत आपल्याला याच कारणासाठी थोर वाटतात. दुष्काळात लोक अन्नासाठी दारोदार फिरू लागले, तेव्हा त्यांनी "गाव सोडू नका" असा उपदेश केला नाही. बादशहाची कोठारे उघडली. राहा म्हणण्याचा अधिकार कोठार उघडणाऱ्याला आहे. मी कोठार उघडले नव्हते, नुसते तोंड उघडले होते.

आता कोणी म्हणेल, "बुवा, लोभाने जाणारे नाहीतच का? आईबापांना विसरणारे नाहीत का?" आहेत. त्यांची म्हातारी माणसे मी पाहिली आहेत. दिवाळीला दारात बसून एस.टी.ची वाट पाहणारी. त्यांचे दुःख मी लहान करीत नाही. पण त्यांच्या मुलांचा दोष जाण्यात नाही, विसरण्यात आहे. गावात राहून, एका छपराखाली राहूनही विसरता येते. आणि दूर गिरणीत पाळी करून रोज आठवता येते. गिरणगावातल्या चाळींतून भजनी मंडळे होती. आमचे दादा तिथे वीणा घेत आणि आषाढीला रजा टाकून पंढरीला येत. आईला चंद्रभागेच्या वाळवंटात भेटत. १९८२ च्या संपानंतर त्यांची गिरणी सुटली, तेव्हा ते परत आले आणि बाजार समितीत हमाली केली. मुंबईनेही शेवटी ढकललेच. पण विसरले नाहीत.

दादांना जाऊन बरीच वर्षे झाली. त्यांच्या हयातीत मी एकदाही कीर्तनात म्हटले नाही की ही विद्या माझ्या भावाच्या घामाची आहे. त्या सप्ताहातल्या मायलाही नीट नमस्कार केला नाही. लाज वाटून लवकर निघालो. दोन्ही ऋणे आज इथे मान्य करतो.

पुन्हा पुंडलिकाचे चरित्र सांगायची वेळ आली, तर एवढेच सांगेन : गावातून कोणी निघाला तर आधी पाहा की त्याला कोणी ढकलले, आणि त्यात आपला हात तर नाही ना. आपल्या गावी कोणी आला तर त्याला वीट द्या. तुम्ही स्वतः निघालात तर मागे राहिलेल्यांची आठवण रोज नामाबरोबर करा, आणि पैशाबरोबर पायही घराकडे वळवा. वारकरी पंढरीला जातो तो ओढीने, आणि परत येतो, कारण घरी कोणी वाट पाहत असते.

रामकृष्णहरि.